वगळलेले ठिपके

पुढे सरकून बसा मायबाप, एका लेकीची गोष्ट सांगते.

डोळ्यांना दिसलं त्यावर मेंदू निर्णय कसा घेतो, हे ती प्रयोगशाळेत शोधायची. एकदा तिने कीर्तनकार वडिलांनाच पडद्यासमोर बसवलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. डावीकडचे बहुतेक ठिपके अण्णांनी सोडले.

“अण्णा, लक्ष कुठंय?”

“पांडुरंगापाशी, आणखी कुठं!”

तीही हसली. लक्ष नसलेल्यांचे निकाल वगळायची रीतच होती, तिने वगळले.

वर्षभराने कीर्तन संपताच अण्णा रुसले, “आज आली नाहीस!” ती तर त्यांच्या डाव्या हाताला, बायकांत पुढेच बसली होती. तिला ठिपके आठवले. तपासणीत अण्णांच्या मेंदूत गाठ निघाली, तोवर ती पसरली होती.

अण्णा गेले, आणि त्यांचे ठिपके वगळलेल्या त्याच प्रयोगाने तिचं नाव झालं. भाषणाला उभी राहिली की ती आधी डावीकडे पाहते. हात जोडाल तेव्हा अण्णांना आठवा, आणि तिलाही.