मामाचे चार कॅमेरे

घरात चार कॅमेरे होते: दारावर एक, बैठकीत एक, पाळण्यावर एक आणि स्वयंपाकघरात एक. वर्षभराच्या ठमीला सांभाळायला बाई न मिळता तिशीतला, बिनलग्नाचा माणूस मिळाला, म्हणून ठमीच्या मामाने ते हौसेने बसवले होते आणि त्या माणसाला तसं पहिल्याच दिवशी बजावलंही होतं.

"माणसं पारखण्यात तू किती हुशार आहेस, ते घटस्फोटात कळलंच," मामा बहिणीला म्हणाला. "आता पुरुषाच्या हाती लेकरू देऊन ऑफिसला निघालीस. फोनवर रोज बघत जा. महिन्याने रिपोर्ट येईल, मग ठरवू ठेवायचं की नारळ द्यायचा."

"बघते ना, दादा. अगदी डोळ्यांत तेल घालून बघते."

तिने शब्द पाळला. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणी हाका मारून थकायच्या, पण ती फोनवरून मान वर करत नसे. त्याच वेळी घरी ठमी पाळण्यात झोपलेली असायची आणि तो माणूस बाह्या दुमडून ओट्यापाशी दुधाच्या बाटल्या धुवायचा. अलीकडे बाटल्या धुण्यासाठी तो इस्त्रीचा शर्ट घालून येई.

महिना संपला. ॲप मामाच्या नावावर होतं, त्यामुळे बहिणीने कोणता कॅमेरा किती वेळ पाहिला, याचा रिपोर्ट थेट त्याच्याच फोनवर आला.


दार: शून्य. बैठक: चार मिनिटं. पाळणा: नऊ मिनिटं. स्वयंपाकघर: एकवीस तास चाळीस मिनिटं.