चाल : पारंपरिक

"हळदले ते गाणं वाजनं, तं मी मांडवमा नही बसनार," भिकुबाई म्हणाली आणि खाली मान घालून पुन्हा गहू निवडायला लागली.

गिरधर उंबऱ्याशीच थांबला. त्याची हळद चार दिवसांवर आली होती.

"आई, अख्ख्या खान्देशात वाजतं ते. माझंच गाणं माझ्याच हळदीला नको?"

"दुसरं वाजाड."

धरणगावच्या त्या घरात याहून जास्त बोलणं झालं नाही.

सात वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशी साली, हाच गिरधर धुळ्यात देवपूरच्या कॉलेजात फाटक्या शर्टाला पिना लावून गिटार बडवायचा. तीन सूर आणि बाकी आरडाओरडा. याला पंक म्हणतात, असं तो सांगायचा. गॅदरिंगला पोरांनी चपला फेकल्या, प्राचार्यांनी वीज तोडली. भिकुबाई मात्र एसटीनं धुळ्याला आली होती. कानात कापसाचे बोळे घालून पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसली. "चांगलं वरडस," एवढंच बोलली.

पुढे गिटारच्या तारा गंजल्या. गिरधरनं जुना सिंथेसायझर मिळवला, त्यावर यंत्राचा ठेका धरला आणि गाणी लिहू लागला. जळगावात त्याची कॅसेट निघाली. त्यातलं एक गाणं चाळीसगावपासून धुळ्यापर्यंत प्रत्येक मांडवात घुमलं :

ये वं बाई, उघडं शे दार,
तुनी वाट देखे सारं घरदार.

शब्द त्याचे, चाल मात्र आईची. कपाशी वेचताना, चुलीपुढे बसल्यावर ती ओठ मिटून ती गुणगुणायची. शब्द त्याने कधी ऐकले नव्हते. आपल्याला निजवतानाची अंगाई असणार, असं तो धरून चालला होता. तीच चाल त्याने दुप्पट वेगानं पळवली.

गाणं गाजलं आणि भिकुबाईचं गुणगुणणं थांबलं. भाचीच्या हळदीत ते सुरू झालं तशी ती हातातली वाटी ठेवून उठली, परसात जाऊन उभी राहिली. गिरधर मागे गेला तर म्हणाली, "धूर लागना डोयाले." परसात चूल पेटलेली नव्हती.

"गिरध्या, कॅसेटवर काय छापलंस?" चुडामणनं विचारलं. एकेकाळी तो गिरधरच्या मागे ड्रम वाजवायचा. आता लग्नाच्या बँडमध्ये होता.

"गीत गिरधर, संगीत गिरधर."

"आणि चाल?"

"पारंपरिक."

"वा. आईच्या तोंडचं उचललं आणि वर आईलाच परंपरेत ढकललं. पिना लावून हिंडायचास तेव्हा बरा होतास. निदान चोर नव्हतास."

गिरधरला ते लागलं. रात्रभर कूस बदलत राहिला. आई मांडवात नसली तर हळदीला अर्थ काय, आणि ती नसणार ती आपल्याच करणीनं, हे त्याला टोचत होतं. दुसऱ्या दिवशी तो जळगावला गेला, छापखान्यात बसून राहिला आणि हळदीच्या आदल्या दुपारी कॅसेटचं नवं वेष्टण घेऊन परतला.

भिकुबाई अंगणात कापसाच्या ढिगापाशी बसली होती. तो तिच्यासमोर बसला.

"चुकलो मी. तुझं नाव आधीच टाकायला हवं होतं. आता टाकलंय. वाच."

चौथीपर्यंत शिकलेली भिकुबाई एकेका अक्षरावर बोट फिरवत गेली. चाल : भिकुबाई. मग आपल्या नावावर तिने अंगठा ठेवला.

"हाई काढ."

"का? मला निजवताना तूच म्हणायचीस ना?"

"तुले नही रे." ती कापसातला पाचोळा काढू लागली. "तुना संगे एक पोर जल्मेल व्हती. नऊ दिनमा गयी. तिले मातीमा ठेवापरयंत म्हनत व्हतू. तू दुसरी मांडीवर व्हता."

गिरधरनं वेष्टण हातात घेतलं. त्याने विचारलं,

"मग कोणाचं नाव लिहू, आई?"

"तिनं बारसं बाकी व्हतं," भिकुबाई म्हणाली. "नाव ठेवानं राही गयं."