वरच्या दोन खोल्या

रोज इंजेक्शन द्यायला घरी येणाऱ्या नर्सला माजी आमदार भिंतीवरचा फोटो हौसेने दाखवायचे. शहरात घरभाडं वाढवायचं नाही आणि भाडेकरूला हलवायचं नाही, हा कायदा त्यांनी भांडून करून घेतला, तेव्हाचा तो फोटो.

आज तिने सुई काढून कापूस दाबला. "काका, चार महिने झाले, याच भागात खोली शोधतेय. निम्म्या घरांना कुलपं आहेत, पण भाड्याने कुणी देत नाही."

"मालकांची नियतच खोटी, दुसरं काय."

"तुमच्याही वरच्या दोन खोल्या बंद असतात. मला द्याल?"

काकांनी बाही खाली ओढली.

"पोरी, तुझ्याबद्दल काही म्हणणं नाही. पण भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही. काय करणार, कायदाच तसा आहे."