तिसरा जोड

बाकावर इअरबड्सचे तीन जोड होते, तिन्ही दीड हजारांच्या आतले, मित्रांकडून पारखायला आणलेले. उद्या योगेश नोकरीसाठी चेन्नईला निघणार होता. त्याला त्यांतला कुठला विकत घ्यायचा ते ठरवायचं होतं, आणि सृष्टीला तीन वर्षं मनात राहिलेलं बोलायचं होतं. इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक धुक्यात बुडाला होता. कुणाचं ब्लूटूथ लांबवर पोचतं ते बघायचं: फोन सृष्टीपाशी राहणार, योगेश गाणं ऐकत लांब जाणार, गाणं तुटलं की थांबणार. पहिला जोड अकरा मीटर, दुसरा चौदा. “तिसरा सगळ्यात स्वस्त, लगेच मान टाकेल बघ,” म्हणत तो निघाला. फोन घेऊन सृष्टी पावलं न वाजवता त्याच्यामागे चालू लागली. “अगं, वाजतंय अजून!” धुक्यातून आवाज आला. अख्खी फेरी मारून तो बाकापाशी आला. तिथे ती नव्हती, गाणं मात्र कानात चालूच होतं. न वळताच त्यानं हात मागे केला. तिनं तो धरला. तिसरा जोड: चारशे दहा मीटर.