तीळ कुणाचा
गळ्याशपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक सून लाकडी ठसे कोरून चित्रं छापायची, बायकांबद्दल लोकांच्या डोक्यात बसलेल्या खुळ्या कल्पनांची. नव्या ठशावर लाटणं उगारलेली म्हातारी दिसताच सासूच्या मनात पाल चुकचुकली. ही बया प्रदर्शनात आपलीच शोभा करणार. "कोण गं ही?" "सासू. लोकांच्या मनातली." लोकांच्या म्हणे. चष्मा लावून पाहिलं, तर तीळ डाव्या गालावर. तिचा तर उजव्या. जीव भांड्यात पडला. "मग तुझी आईच ही. तोच तोरा." सुनेनं शाई लावून कागद दाबला, उचलला. छापा उलटाच उमटतो. तीळ टुणकन उजवीकडे आला. सासूचं तोंड एवढंसं झालं. "अहो आई, लाटणं कुठलं, तो शाईचा रूळ. रोज तुम्हीच फिरवता ना?" सासू विरघळली. बरं, शपथ घेतली खरी, पण गोष्ट सांगताना तेवढा रूळ मी माझ्या पदरचा घातला. होतं ते लाटणंच.