ओट्याची उंची

बेलवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये ग्रॅनाइटचा ओटा हवा, ही यशोधराची हौस. त्यासाठी नवऱ्याने, मिलिंदने, मोबाइल घ्यायचं लांबणीवर टाकलं होतं. गवंडी तिच्या उंचीचं माप घेऊ लागला, तशी ती म्हणाली, "ह्यांच्या उंचीचा करा."

"वहिनी, मग तुम्हाला पाटावर उभं राहून चपात्या लाटाव्या लागतील," गवंडी हसला.

"माझं आता फार दिवसांचं नाही, दादा. डॉक्टरांनी सांगितलंय. पुढे पोरीचा डबा ह्यांनाच करायचाय."

मिलिंद उठून गॅलरीत गेला. बऱ्याच वेळाने आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"हिच्याच उंचीचा करा," तो गवंड्याला म्हणाला. "मी वाकून लाटीन."