करवंटीतलं बाळंतपण

"अहो, चहा झाला," कुमुदताई चौबळांनी टाकीसमोर हाक मारली. यजमान गेल्यावर त्यांची स्मृती या मिशाळ माशात भरून घेतली होती, आणि चार वर्षांत चहाची हाक त्याने कधी चुकवली नव्हती. गेले सहा दिवस मात्र तो नारळाच्या करवंटीत मादीने घातलेल्या अंड्यांना परांनी वारा घालत बसला होता.

"आई, अंडी आजच काढून टाक," ऋजुता म्हणाली. "पिल्लं निघाली की बाबा त्यांच्यात वाटले जातील. हा नुसता मासा उरेल."

"तुझ्या वेळी हा माणूस दवाखान्यात फिरकलासुद्धा नाही. आता सहा दिवस उपाशी राहून अंडी राखतोय. हे बघायचंच राहिलं होतं माझं. असू दे."

चार दिवसांनी करवंटी रिकामी झाली. कुमुदताईंनी भीत भीत हाक मारली, "अहो..."

मोठा मासा तळाशी शेवाळ खात राहिला. त्याने वर पाहिलंही नाही. कुमुदताईंचे डोळे भरून आले.

तेवढ्यात साठ-सत्तर पिल्लं एकदम काचेला येऊन चिकटली आणि त्यांच्या कपाकडे बघत राहिली.

तेव्हापासून कुमुदताई स्वयंपाकघरात, दार लावून, बशीचा आवाज न करता चहा पितात.